टीव्हीचं चित्र कॅट-६ मधून न्यायचं, की प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स?

राजांगण :
चिरेबंदी घराची डागडुजी निघाली की वायरमन प्रत्येक खोलीत डिशच्या केबलचा एक पॉइंट देतो नि मोकळा होतो. हे थांबायला हवं. डिशचा बॉक्स, प्लेअर सगळं एका कपाटात ठेवा, तिथून प्रत्येक टीव्हीपर्यंत कॅट-६ (इंटरनेटला वापरतात ती आठ तारांची केबल) ओढा आणि दोन्ही टोकांना एचडीबेसटीची जोडी, म्हणजे एचडीएमआयचं चित्र कॅट-६ मधून नेणारे दोन डबे, लावा. साधी तांब्याची एचडीएमआय केबल फोर-के ६० ला (सेकंदाला ६० फोर-के चित्रं) ५-७ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. राजांगणाला, म्हणजे घराच्या मधल्या चौकाला, वळसा घालून मागच्या खोलीत जायलाच २० मीटर लागतात. एचडीबेसटी फुल एचडी १०० मीटर नेतं, कॉम्प्रेस न करता, आणि उशीर जाणवतच नाही. रिमोटचा सिग्नलही त्याच तारेतून उलटा येतो.

डिचोलकर :
राजांगणबाब, ‘कॉम्प्रेस न करता’ हे फुल एचडीपुरतं खरं. फोर-के ६० पूर्ण रंगांसह न्यायचं तर एचडीएमआयला सेकंदाला १८ गिगाबिट मावतील एवढी वाट हवी, एचडीबेसटीच्या २.० या पिढीची वाट १०.२ ची. म्हणजे त्या पिढीच्या खोक्यावर फोर-के ६० छापलेलं असलं, तर एक तर रंग ४:२:० वर उतरवलेत (रंगांचा तपशील पाव केलाय) किंवा चित्र दाबलंय. १८ गिगाबिट ३.० मध्ये मिळतात, पण त्या एका जोडीच्या पैशांत इंटरनेटवरून चित्र आणणारे दोन-तीन स्ट्रीमिंग बॉक्स सहज येतात. शिवाय एका बॉक्सवर एकच चॅनल. हॉलमध्ये मॅच नि आतल्या खोलीत मालिका, हे कसं जमवणार? कॅट-६ जरूर ओढा, पण त्यातून इंटरनेट न्या. फोर-के स्ट्रीमला सेकंदाला २५ मेगाबिट पुरतात.

राजांगण :
वेगवेगळं बघायचं तर मॅट्रिक्स स्विच (कुठल्याही बॉक्सचं चित्र हव्या त्या टीव्हीला जोडणारा) लागतो, मान्य. पण प्रत्येक टीव्हीमागे बॉक्स, अॅडॅप्टर आणि वेगळं रिचार्ज हा पसारा कोणी सांभाळायचा? वयस्कर माणसांना एकच रिमोट, एकच मेनू हवा असतो.

तांब्याची तार :
दोघांनीही केबलचं काहीच सांगितलं नाही, आणि नव्वद टक्के भानगडी तिथेच होतात. बाजारात कॅट-६ म्हणून अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास खपवतात. टोक ब्लेडने खरवडा, आत रुपेरी दिसलं तर परत करा. मल्टिमीटर असेल तर आणखी बरं: २० मीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला निळी आणि पांढरी-निळी एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. शुद्ध तांब्याच्या २३ गेज जाडीच्या तारेला पावणेतीनच्या आसपास येतं. चारच्या पुढे गेलं तर तांबं नाही.

आरजे-४५ (केबलच्या टोकाचा प्लग) दोन्हीकडे टी-५६८-बी या एकाच रंगक्रमाने, तारांच्या जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही, मध्ये जोड नको. एचडीबेसटीची तार इंटरनेटच्या स्विचमधून न्यायची नाही, ती दोन डब्यांमध्ये थेट हवी. विजेच्या पाइपातून तर अजिबात ओढू नका. या चुका केल्या की चित्र मधूनच दोन-तीन सेकंद काळं पडतं नि परत येतं. लोक मग टीव्हीला दोष देतात.

मांडवीकाठ :
एक तिसरा मार्ग राहिला: ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे चित्र फायबरमधून प्रकाशाने नेणारी केबल. ३० मीटरपर्यंत १८ गिगाबिट बिनधास्त, शिवाय टोकांना डबे नकोत. पण तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक टीव्हीकडे गेलं की चित्रच नाही. आणि प्लग पाइपातून जायला हवा. २० मिलिमीटरच्या पाइपात तो कोपऱ्यावर अडकतो, किमान २५ चा घाला.

डिचोलकर :
आणि आत कुठे तुटली तर? कॅट-६ ला नवं टोक मारता येतं, ही अख्खी बदलावी लागते. भिंतीत चर पाडून चुन्याने बुजवल्यावर परत कोण फोडणार?

मांडवीकाठ :
म्हणून तर पाइप म्हणतोय, सोबत ओढायला नायलॉनची दोरी ठेवून.

तांब्याची तार :
आणखी एक. अंगण ओलांडून आउटहाउसला तांब्याची कॅट-६ नेऊ नका. मे अखेरीच्या नि ऑक्टोबरच्या गडगडाटात वीज जवळपास पडली तरी दोन्ही टोकांचे पोर्ट जातात, टीव्हीचा एचडीएमआयसुद्धा. तेवढ्या अंतरात फायबरच.

राजांगण :
हे पटलं. घरात तांबं, अंगणात फायबर. पण डिचोलकरबाब, प्रत्येक टीव्हीमागे एक नाही, दोन कॅट-६ ओढा: एक तुमच्या इंटरनेटला, एक माझ्या एचडीबेसटीला. मजुरी चर पाडण्याचीच असते, दुसऱ्या तारेचे पैसे त्यापुढे किरकोळ.

डिचोलकर :
दोन ओढा. दुसरी रिकामीच राहील, असं माझं अजूनही मत आहे.