विद्यापीठाच्या आवारातील सौर प्रकल्पासाठी निधी कसा उभा करावा?

प्रश्न

नमस्कार. मी एका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवतो. ग्रंथालयाची गच्ची आणि दोन प्रयोगशाळांच्या गच्च्या मिळून १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारावा, असा प्रस्ताव आम्ही काही शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तयार केला. वित्त समितीने तो आस्थेने वाचला आणि ‘अर्थसंकल्पात तरतूद नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. त्यानंतर अनुदानासाठी तीन ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही. तिसऱ्या संस्थेने कळवले की, ज्यात संशोधनाचा भाग नाही अशा उभारणीला ती मदत करत नाही. अनुदान, देणगी, कर्ज की अन्य काही मार्ग, यांपैकी कशासाठी आधी प्रयत्न करावा, आणि प्रस्तावात आमचे काय चुकत असावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १

मी अनेक वर्षे एका शिक्षणसंस्थेच्या विद्युत विभागात काम केले. माझ्या मते निधी शोधण्याआधी वीजबिलांची फाइल मागवून घ्यावी. आपण समितीकडे नवा खर्च मागितलात. वास्तविक विद्यापीठ तो खर्च दरमहा वीजबिलाच्या रूपाने करतच असते. अडचण अशी की, प्रकल्पाचे भांडवल एका लेखाशीर्षातून (हिशेबातील खर्चाच्या सदरातून) जाते आणि वाचणारे बिल दुसऱ्याच लेखाशीर्षात दिसते, त्यामुळे भांडवल मंजूर करणाऱ्याला बचत दिसत नाही आणि ज्याच्या खात्यात बचत होते त्याच्या हाती भांडवल नसते. ही दोन्ही शीर्षे एकाच तक्त्यात, वर्षागणिक, समोरासमोर मांडून दाखवल्याशिवाय समितीचे मत बदलणार नाही.

तक्ता प्रामाणिक असावा. बारा महिन्यांची बिले तर घ्यावीतच, शिवाय शक्य असल्यास मीटरमधून तासागणिक वापराची नोंद काढून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी दुपारी वर्ग बंद असतात आणि पॅनेल मात्र पूर्ण क्षमतेने वीज देत असतात. ती जादा वीज ग्रिडला कोणत्या दराने जाते, यावर परतफेडीचा सगळा हिशेब फिरतो. पॅनेलचे उत्पादन दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याने घटते आणि पॅनेल पंचवीस वर्षे टिकले तरी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र) दहा ते पंधरा वर्षांत बदलावा लागतो, हेही त्यात धरावे. मी पाहिलेल्या एका संस्थेत अनुदानातून उत्तम प्रकल्प उभा राहिला, परंतु देखभालीसाठी एक पैसाही राखून ठेवलेला नव्हता. पुढे इन्व्हर्टर बिघडला, त्यावरचा लाल दिवा कित्येक महिने तसाच जळत राहिला, आणि खाली शिकणाऱ्या मुलांना गच्चीवर काही बंद पडले आहे याची कल्पनाही नव्हती. ते दृश्य अजूनही मनाला लागते.

आणखी एक गोष्ट म्हणजे गच्चीचे वय. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते, एवढाच हिशेब करून अनेक जण थांबतात. वॉटरप्रूफिंग सात-आठ वर्षांत पुन्हा करावे लागणार असेल, तर पॅनेल उतरवून परत बसवण्याचा खर्च कोणी करायचा, हे आजच ठरवावे लागते.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. भांडवल मुळीच नसेल, तर वीज खरेदी कराराचा विचार करावा. त्यात प्रकल्प उभारणारी कंपनीच मालक असते, देखभालही तीच करते, आणि विद्यापीठ पंधरा ते पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने प्रतियुनिट पैसे देते. दर कमी दिसला म्हणून लगेच सही करू नये. दरवर्षीची दरवाढ किती, किमान किती युनिट घेण्याचे बंधन आहे, आणि मध्येच प्रकल्प विकत घ्यायचा झाल्यास किंमत कशी ठरणार, ही तीन कलमे वकिलांकडून वाचून घ्यावीत.

मला स्वतःला मात्र फिरता निधी अधिक भावतो. एका लहान कामासाठी निधीतून बिनव्याजी रक्कम घ्यायची, वीजबिलातील बचतीतून ती परत भरायची आणि मग तीच रक्कम पुढच्या कामाला द्यायची. हार्वर्ड विद्यापीठाने अशा निधीची सुरुवात ३० लाख डॉलरने केली आणि पुढे तो १ कोटी २० लाखांपर्यंत वाढवला. रक्कम पाहून दबून जाऊ नये. आधी दिवे आणि पंखे बदलण्याच्या कामापासून आरंभ केला, तर परतफेड लवकर होते आणि समितीचा विश्वासही बसतो.

उत्तर ३

विद्यार्थ्यांना केवळ सह्या गोळा करण्यापुरते ठेवू नका, असे कळकळीने सांगावेसे वाटते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून दर सत्राला पाच डॉलरचे शुल्क स्वतःवर लावून घेतले आणि त्यातून पर्यावरणविषयक कामांचा निधी उभा राहिला. विद्यार्थ्यांचा स्वतःचा वाटा आधी जमा झालेला दिसला, की माजी विद्यार्थ्यांकडे देणगी मागणे सोपे जाते. शुल्क अनिवार्य करायचे असेल, तर गरजू विद्यार्थ्यांना सूट हवी आणि खर्चाच्या समितीत विद्यार्थ्यांना मताधिकार हवा.

आपल्याला नकार देणाऱ्या तिसऱ्या संस्थेचे पत्र मला उपयोगाचे वाटते. तिने कारण कळवले आहे. प्रत्येक पॅनेलच्या उत्पादनाची नोंद, धुळीचा आणि तापमानाचा परिणाम, अशा अभ्यासासाठी लागणाऱ्या उपकरणांचा स्वतंत्र अर्ज तिच्याकडेच करता येईल. उभारणीचा पैसा मात्र अन्य मार्गाने आणावा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. स्थावर विभागाकडे चौकशी केली असता, ग्रंथालयाच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग येत्या दोन वर्षांत करायचे आहे, असे कळले. आमच्या प्रस्तावात याचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे पहिल्या टप्प्यात फक्त प्रयोगशाळांवर ४० किलोवॅट घ्यायचे ठरवले आहे. सुट्टीतही तेथील शीतकपाटे चालू असल्याने दुपारची वीज तेथे बरीचशी वापरली जाईल. विद्युत विभागाने तासागणिक नोंदी देण्याचे मान्य केले असून तक्ता वित्त अधिकाऱ्यांसोबत बसून भरणार आहोत.

उत्तर १

४० किलोवॅटचा निर्णय योग्य वाटतो. ग्रंथालयाच्या वॉटरप्रूफिंगच्या निविदेतच पॅनेलच्या आधारांसाठी पाये बांधून घेण्याची अट घालावी. नंतर गच्ची फोडावी लागणार नाही.