सोसायटी ग्रुप : गेटवरची शेकोटी

बी-३०४ : पहाटे गेटजवळ पुन्हा धूर. आज लाकडं नव्हती, जुन्या कपाटाचं प्लायवूड होतं. सनमायका तडतडताना वरपर्यंत ऐकू येत होता. बाबांना रात्रीतून दोनदा नेब्युलायझर लावला. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं?

डी-१०१ : कपाट आमचं. भंगारात द्यायला काढून ठेवलं होतं, जाळायला नाही. उगाच रोख आमच्याकडे नको.

बी-३०४ : तुमचं नाव मी घेतलेलं नाही.

सी-४०२ : वॉचमनने थंडीत कुडकुडत बसायचं का? आणि जनरेटरचं काय?

ए-२०५ : काका, प्लायवूडच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन असतं, प्लायवूड जाळायचंच नसतं. शिवाय पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. धूर वर चढतच नाही, खालच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरतो.

सी-४०२ : जनरेटरचं काय?

ए-००१ : जिन्यातली माझी कुंडी कोणी सरकवली?

डी-१०१ : काकू, जिना कॉमन आहे.

ए-००१ : मग कपाट कुठे ठेवलं होतं तुम्ही?

डी-१०१ : हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी : कृपया विषयावर बोला 🙏

ई-५०३ : अख्खं शहर धुरात आहे. आपण एक शेकोटी विझवून काय साधणार?

ए-२०५ : साहेब, साधतं. डब्लिनने १९९० साली शहरात धूर करणाऱ्या कोळशाची विक्री बंद केली, हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. लंडनमध्ये १९५२च्या डिसेंबरात पाच दिवस धुरकं साचलं, हजारो माणसं गेली. १९५६च्या कायद्याने तिथे धूरबंदी झाली, तीही एकेक भाग ठरवून. सगळं शहर एका दिवसात बदललं नाही.

ई-५०३ : तिथे बंदी सोपी. इथे वॉचमनला ऊब कोण देणार?

बी-३०४ : आपणच. केबिनचं दार रात्रभर उघडं राहतं, त्याची कडी तुटलीय. ती बसवा आणि आत हीटर द्या. त्याला दुसरं काही दिलंच नाही म्हणून तो पेटवतो. त्या धुरात सगळ्यात जवळ तोच बसतो, त्यालाही खोकला आहे. मी त्याच्यावर चिडलेली नाही.

सेक्रेटरी : कडी आजच बसवतो. हीटरचं कमिटीत घेतो. पाला खड्ड्यात टाकायचा, जाळायचा नाही.

सी-४०२ : माझा पाठिंबा आहे. पण जनरेटरचं काय?

बी-३०४ : काका, त्याचं धुराडं गच्चीच्या वर न्यायला हवं, मान्य. पण तो लाईट गेल्यावर चालतो, शेकोटी रोज पेटते.

बी-३०४ : आत्ता परत पेटवलीय. खाली जाते.

डी-१०१ : थांबा, मीही येतो. उरलेल्या फळ्या घरात नेऊन ठेवतो.