भूजलात कार्बन डायऑक्साइड झिरपला, तर जिवाणू खरंच धोक्यात येतात का?

जलवेध: हवेत न सोडता भूगर्भात साठवलेला कार्बन डायऑक्साइड गळून उथळ भूजलात शिरला की तिथली जीवसृष्टी संपते, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमनला २००८ साली मुद्दाम गळती घडवली: जमिनीखालच्या आडव्या पाइपातून रोज ३०० किलो, साधारण महिनाभर. पीएच (जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) ७ वरून ५.६ वर आला, एवढंच. युटा राज्यातल्या क्रिस्टल गीझर या उफाळत्या झऱ्याचं पाणी तर याच वायूनं उसळतं, तरी त्यात असंख्य जातींचे सूक्ष्मजीव नांदतात.

कातळ: "एवढंच" कसं? त्याच प्रयोगात विरघळलेलं लोह लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमवरून १,२०० पर्यंत गेलं. खरी गोम तिथे आहे. फेरिक लोहावर (गंजातल्या लोहावर) जगणारे जिवाणू त्या अभिक्रियेत भरपूर हायड्रोजन आयन, म्हणजे पाण्याला आम्लधर्मी करणारे कण, खर्च करतात. त्यामुळे पाणी आम्लधर्मी झालं की त्यांना जास्त ऊर्जा मिळते आणि सल्फेटवर (गंधकाच्या क्षारांवर) जगणारे मागे पडतात. मातीच्या कणांवरची लोहाची पुटं विरघळली की त्यांना चिकटलेलं आर्सेनिकही पाण्यात उतरू शकतं. जिवाणू मरत नाहीत, मान्य. पण पाणी पिणाऱ्याला त्याचा काय दिलासा? आइसलँडमध्ये हेलिशेइदीला २०१२ साली साठवणीसाठी जमिनीखाली वायू सोडल्यावर जिवाणूंची विविधता घटली आणि लोहाचं ऑक्सिडीकरण करणारं गॅलिओनेला या जिवाणूचं कुळ फोफावलं.

जलवेध: तो साठवणीचाच थर होता, ४०० मीटरच्याही खाली. पिण्याच्या विहिरीला तो दाखला लागू होत नाही.

कातळ: लोहाचं रसायन खोली बघत नाही. दख्खनच्या बेसाल्टात (काळ्या दगडात) साठवणीचा विचार मांडला जातो, आणि त्याच बेसाल्टाच्या वरच्या भेगाळ थरांवर आपल्या विंधनविहिरी चालतात.

नमुनापेटी: आधी मोजमाप नीट होऊ द्या. पीएच प्रयोगशाळेत नेऊन मोजला तर वायू उडून जातो आणि आकडा चढा येतो. तो विहिरीवरच, हवा न लागणाऱ्या वाहत्या पाण्याच्या कक्षात, वाचन स्थिरावल्यावर घ्या, क्षारताही (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) जागेवरच. लोहाचा नमुना ०.४५ मायक्रॉन गाळणीतून लगेच गाळून नायट्रिक आम्लानं पीएच २ च्या खाली आणा, नाहीतर लोह बाटलीतच गंजासारखं बसतं. जिवाणू ओळखायला लागणाऱ्या डीएनएसाठी ०.२२ मायक्रॉनची निर्जंतुक गाळणी वापरा आणि ती कोरड्या बर्फात ठेवा. जर्मनीत केत्सिनच्या साठवण-प्रकल्पात विहीर लोह सल्फाइडनं तुंबली, पण तिथे सल्फेटवाल्या जिवाणूंना खाद्य मिळालं होतं ड्रिलिंगच्या चिखलातल्या सेंद्रिय पदार्थांचं, तेही वायू सोडण्याआधी. म्हणून पूर्वनोंदी किमान वर्षभराच्या हव्यात, पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्याही.

कातळ: त्या नोंदी नसतील तिथे परवानगीच देऊ नये.

जलवेध: नोंदी हव्यातच. पण जिवाणूंच्या जाती बदलल्या एवढ्यावरून प्रकल्प थांबवू नका. लोह, मँगनीज आणि आर्सेनिक पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडतात का, ते बघा.