विषय : ‘नवा कर लागणार नाही’ हे वाक्य माहितीपत्रकातून काढावे

सचिव महोदय,

माजी सैनिकांच्या बोनसविषयीच्या पत्रकाचा मसुदा वाचला. त्यातले ‘या योजनेसाठी नवा कर लागणार नाही’ हे वाक्य कृपया काढावे. ३ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेतल्या आपल्या ओहायो राज्याचे मतदार राज्याला या बोनससाठी २० कोटी डॉलरपर्यंतचे कर्जरोखे काढण्याची परवानगी द्यायची की नाही, हे ठरवतील. प्रस्तावात नवा कर नाही, हे खरे. परंतु या रोख्यांना राज्याच्या करआकारणीच्या अधिकाराचे तारण आहे. म्हणजे मुद्दल आणि व्याज करांतूनच फिटणार. आपल्या संस्थेतले कितीतरी सभासद व्हिसावर आहेत. ते कर भरतात, पण मत देऊ शकत नाहीत. त्यांना अर्धीच गोष्ट सांगणे मला पटत नाही.
— माजी कोषाध्यक्ष

आदरणीय काका,

पत्रकाचा मजकूर ठरवणे कार्यकारिणीचे काम आहे आणि तो बैठकीत मंजूर झाला आहे. राज्याच्या घटनेत कर्जावर साडेसात लाख डॉलरची जुनी मर्यादा असल्यामुळे हा विषय घटनादुरुस्ती म्हणून मतदानाला आला आहे, हेही आम्ही लिहिले आहे. आपल्यासारख्या करमुक्त संस्थेने मतदानाविषयी बोलूच नये, असे काहींनी फोनवर सांगितले. ती बंदी उमेदवारांच्या प्रचाराला आहे, अशा प्रस्तावाची माहिती देण्याला नाही.
— सचिव

सचिवांस,

बैठकीत मंजूर झाले तरी पत्रकातली बोनसची कमाल रक्कम चुकलीच आहे. इराक, अफगाणिस्तान किंवा आखाती युद्धाच्या प्रत्यक्ष क्षेत्रातील सेवेसाठी महिन्याला १०० डॉलर, पण जास्तीत जास्त १,०००. त्या काळात अन्यत्र सेवा केलेल्यांना महिन्याला ५०, जास्तीत जास्त ५००. माझा मुलगा बारा महिने इराकमध्ये होता, म्हणजे त्याला बाराशे नव्हे, हजारच मिळतील. परवा दिवाळीच्या साफसफाईत गॅरेजमधले त्याचे बूट झटकले, तर तळव्याच्या खाचांतून पिठासारखी बारीक वाळू वर्तमानपत्रावर पडली. ती माझ्याने टाकून देववली नाही. पुडी बांधून ठेवली आहे. या मुलांसाठी खरोखरच कर वाढला तरी मी तो भरीन, त्यामुळे ते वाक्य राहिले काय आणि गेले काय, माझे मत बदलणार नाही.
— डेटनहून एक सभासद

ताई,

माझेही मत ‘होय’ असेच आहे. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम, या तिन्ही वेळी ओहायोने सैनिकांना बोनस दिला. या मुलांना तो नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणूनच होकार देणाऱ्याला त्याची किंमत आधी ठाऊक असावी, असा माझा आग्रह आहे. पर्यायी वाक्य सुचवतो : ‘प्रस्तावात नवा कर नाही, मात्र कर्जाची व्याजासह परतफेड राज्याच्या महसुलातून, म्हणजे आपण भरत असलेल्या करांतून होईल.’
— माजी कोषाध्यक्ष

काका,

वाक्य जसेच्या तसे घेतले आहे आणि डेटनच्या ताईंनी दाखवलेली कमाल मर्यादाही दुरुस्त केली आहे. पत्रक शुक्रवारी छपाईला जाईल.
— सचिव