मदत हवी आहे: टॉवेल कारखान्याचा कार्बनचा हिशोब कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, हिशोब मी बघतो. युरोपातल्या गिऱ्हाइकाने एक्सेल शीट पाठवलीय: किलोभर टॉवेलमागे किती कार्बन डायऑक्साइड, स्कोप १ (आपण जाळलेलं इंधन), २ (विकत घेतलेली वीज), ३ (बाहेरून करून घेतलेलं काम, कच्चा माल वगैरे) वेगवेगळे भरा. काका म्हणाले, "आता धुराचंपण बिल मागायला लागले का?"

युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा सीमाकर, सध्या लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, वीज, हायड्रोजन यांवर आहे, कापडावर नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर द्यावंच लागणार.

विजेचं जमलं. बिलातले युनिट गुणिले ग्रिडचा आकडा, म्हणजे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे २.७ किलो धरलं.

अडलंय ते रंगणीत. सूत बाहेरच्या डाइंगवाल्याकडे जातं. त्याचा बॉयलर कधी कोळशावर, कधी उसाच्या बगॅसवर (चिपाडावर), आणि वहीत नोंद फक्त "जळण"! बगॅस वनस्पतीचं, म्हणून त्याचा कार्बन वेगळा दाखवायचा असतो, मग कोळसा किती आणि बगॅस किती हे ठरवू कसं? शिवाय त्याच बॉयलरवर आणखी चार जणांचा माल. वाटणी सुताच्या वजनावर करू का? आमचा मरून रंग गडद, त्याला धुण्याच्या फेऱ्या जास्त, वाफही जास्त.

कुणी अशी शीट भरली असेल तर नावं झाकून नमुना दाखवाल का? कन्सल्टंटची फी ऐकून गप बसलोय. शनिवारपर्यंत पाठवायचीय.