‘कोचबिल्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ‘ऑस्टिन सेव्हन स्वॅलो’ या गाडीवर लेख लिहिते आहे. ‘कोचबिल्ट’ शब्दापाशी अडले. ‘मॉडिफाय केलेली ऑस्टिन’ म्हटलं तर चालेल का? की ‘खास बनवून घेतलेली’?

उत्तर : ‘मॉडिफाय’ नको. त्यात आधी पुरी झालेली गाडी नंतर बदलली, असा अर्थ येतो. इथे बदलायला मुळात बॉडीच नव्हती. ऑस्टिनची नुसती चासी, म्हणजे इंजिन, चाकं आणि स्टिअरिंगसकट सांगाडा, आगगाडीने इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला यायची आणि विल्यम लायन्स व विल्यम वॉम्सली यांच्या ‘स्वॅलो’ कारखान्यात तिच्यावर बॉडी चढायची. ही गाडी 1927ची. हाच कारखाना पुढे कॉव्हेंट्रीला गेला आणि त्यातूनच जॅग्वार उभी राहिली.

आपल्याकडे यासाठी चालता शब्द आहेच. एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत चासी येते आणि तिच्यावर बस ‘बांधतात’. ट्रकवालेही ‘बॉडी बांधून घेतली’ असंच म्हणतात. तेव्हा ‘स्वॅलोने बांधलेली ऑस्टिन सेव्हन’ म्हणा. कोचबिल्डर म्हणजे बॉडी बांधणारा.

आणखी एक मत : ‘साटा’ का नको? बैलगाडीला आहेच की. ‘स्वॅलोचा साटा’ कानाला छान लागतं.

उत्तर : लागतं खरं, आणि शब्द जगायला हवा हेही मनापासून पटतं. पण साटा हा ओझं पेलणारा सांगाडा. ऑस्टिनमध्ये ते काम चासीचं, म्हणून अर्थ नेमका उलटा होईल.

ती चासी मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. समोर निमुळती, मागे रुंद होत गेलेली, अगदी इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी. मागच्या आसाच्या अलीकडेच ती संपते आणि तिथून पाट्यांच्या कमानी (लीफ स्प्रिंगा) मागे निघतात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम 6 फूट 3 इंच, इंजिन 747 सीसी. एवढ्याशा जागेवर स्वॅलोचे कारागीर अ‍ॅश लाकडाची चौकट उभारत, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकत आणि दुरंगी रंग देत. स्वस्तातल्या गाडीला एवढी देखणी वळणं देणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात. म्हणून तर त्यांच्या कामाला ‘बांधणी’ हा कारागिराचा शब्द हवा.

प्रश्न : मग ‘खास बनवून घेतलेली’चं काय? एका गिऱ्हाईकासाठी एकच गाडी, असं वाटतं त्यातून.

उत्तर : म्हणूनच तोही स्वॅलोला लागू नाही. लंडनच्या हेन्लीज या विक्रेत्यांनी एकदम 500 गाड्यांची मागणी नोंदवली होती. एखाद्या शौकिनाने स्वतःच्या पसंतीची एकच बॉडी बांधून घेतली असेल, तर ‘हौसेने बांधून घेतलेली’ म्हणा. गॉर्डन इंग्लंड या दुसऱ्या कोचबिल्डरच्या कापडी मढवणीच्या ऑस्टिनना ‘कापड मढवलेली बॉडी’ म्हणावं. ‘कापडी गाडी’ म्हटलं, तर वाचकाला नुसता टप कापडाचा वाटेल.

प्रश्न : म्हणजे पहिलं वाक्य असं करते : ‘ऑस्टिन सेव्हनच्या चासीवर स्वॅलोने बांधलेली दोन आसनांची गाडी’. बरोबर?

उत्तर : अगदी बरोबर. पुढे लेखात नुसतं ‘स्वॅलो’ लिहू नका. त्यांनी मॉरिस, फियाट आणि स्टँडर्डच्या चासींवरही बॉडी बांधल्या होत्या.