इंडक्शन शेगडी: काय काय बिघडवून शिकलात?

एरवी सिलिंडर संपला की माळ्यावरून उतरणारी आमची इंडक्शन शेगडी महिनाभर ओट्यावर मुक्कामाला आहे. पहिल्याच दिवशी आईचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर ठेवला, तर ती नुसती टुं टुं करत बसली. तुमचे अनुभव लिहा. फजितीचे आधी.

*

भांड्यांच्या दुकानात मी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊनच जाते. बुडाला घट्ट चिकटलं तरच खरेदी. सगळं स्टील चालत नाही. काचेखालच्या तांब्याच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि ते तापतं. नुसतं तांबं-अ‍ॅल्युमिनियम त्याला दाद देत नाही. आमचं फोडणीचं कढलं लोखंडी आहे, तरी चालेना! बूड एवढंसं, शेगडीला दिसतच नाही. फोडणी अजून गॅसवर.

*

भाड्याच्या खोलीत मोबाइलच्या चार्जरशेजारी, त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर लावली होती. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी रश्श्याऐवजी जळक्या प्लास्टिकचा वास. १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घ्या, मगच बाकीच्या गप्पा.

*

आमची झुरळाने मारली. उबेला आत शिरलं आणि सर्किटवरच आडवं झालं. दुरुस्तीवाले म्हणाले, “ताई, आयजीबीटी उडालाय.” मला आधी ती विमा कंपनी वाटली; तो निघाला कॉइलची वीज चालू-बंद करणारा आतला भाग. तेव्हापासून रात्री शेगडी पुसून कोरड्या पिशवीत. त्यांनी आणखी एक सांगितलं: स्वयंपाक झाल्या झाल्या प्लग उपटायचा नाही, आतला पंखा थांबू द्यायचा. भिंतीला चिकटवूनही ठेवायची नाही, पंख्याला हवा लागते.

*

दुधाचं बोला कुणीतरी! मंद आचेवर ठेवलं तरी खाली लागतं. साध्या शेगड्या कमी वॉटवर मंद चालत नाहीत, चालू-बंद चालू-बंद करतात. जाड बुडाचं पातेलं घेतल्यापासून बरं आहे. चहाचं आधण मात्र झकास. लिटरभर पाणी तीन-साडेतीन मिनिटांत, ०.१ युनिटच्या आसपास.

*

रिकामा लोखंडी तवा थेट २००० वर ठेवला. मधोमध फुगला, आता काचेवर गिरक्या घेतो. नवा तवा ८०० पासून चढवते. भाकरी तव्यावरच कापडाने दाबून फुगवते, पण विस्तवावरची चव नाही ती नाहीच.

*

गुळाचा पाक सांडला, वाळून दगड झाला. मी तारेची घासणी घेतली आणि काचेवर कायमची रांगोळी काढली. शेगडी गार झाली की कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, वर चिमूटभर खायचा सोडा. बिडाची भांडी सरकवू नका, उचला.

*

बाबांना पेसमेकर आहे. डॉक्टरांनी चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहायला सांगितलंय, त्यामुळे चहा करणं बंद. आईला संशय आहे की ते खूश आहेत.